भोईर सर आणि कारणं

तुमच्या ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस उद्या गेला, तर त्याच्या डोक्यातलं तुम्ही कुठून आणणार?

आमचे भोईर सर याच प्रश्नावरून भांडायचे. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. केमिकल कारखान्यांत टँकरचं वजन नोंदवणारं सॉफ्टवेअर सरांनीच घडवलं. कोडच्या प्रत्येक तुकड्यावर ते कारण लिहीत. असं का केलं, आणि आधी काय करून फसलो, तेही. एके ठिकाणी होतं : ‘रिकाम्या टँकरचं वजन दोनदा घ्या. पहिल्या वेळी क्लीनर केबिनमध्ये झोपलेला असतो.’

एका हुशार इंजिनियरने कारण न वाचताच ते दुसरं वजन फालतू म्हणून उडवलं. मग झोपलेला क्लीनर रिकाम्या टँकरच्या वजनात धरला जाऊ लागला, आणि कितीतरी दिवस प्रत्येक टँकरमागे त्याच्या वजनाइतकं ॲसिड गिऱ्हाइकाला फुकट गेलं!

“बदल कर रे, बिनधास्त कर,” सर मला म्हणायचे. “पण आधी कारण बघ. ते माहीत नसलं ना, की माणूस एकतर घाबरून हात लावत नाय, नायतर सरळ तोडतो.”

डबासुद्धा ते कारणासकट उघडायचे. “आज भाजी अळणी. मी केली, म्हणून.”

उल्हासनगरचे आमचे शेठ वैतागायचे. “साईं, कोड लिखो, पोथी मत लिखो!”

“पोथी नाय शेठ, तुमचा क्लीनर हाय तो.”

शेवटी सर रजेवर असताना शेठनी ती सगळी कारणं पुसायला लावली. मी पेटलो. माणसाचं डोकं आयुष्यभर वापरायचं आणि मग कचरा म्हणून फेकायचं? सरांना भांडायला उठवायचं, म्हणून मी थेट मांजर्लीला त्यांच्या घरी गेलो.

सर स्वयंपाकघरात उभे होते. घरात शिरलेल्या पुराच्या पाण्याने ओट्याखालचं सगळं कुजलं होतं. मुलीने ठरवलेला मेस्त्री दुसऱ्या दिवशी तोडफोड करणार होता. सामान बांधून झालेलं. फक्त काकूंची, सरांच्या बायकोची, एक फळी तशीच होती. काकू गेल्या वर्षी गेल्या. भरलेल्या बरण्यांच्या मधोमध एक रिकामी बरणी.

“ही बरणी ती रोज पुसायची,” सर म्हणाले. “कधी काय भरलं नाय तिच्यात. का, ते माहीत नाय.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“घरी येऊनपण तुमच्या कोडचीच कारणं लिहीत बसायचो.”

मी शेठचं नाव काढलं नाही. सर बरणी उतरवायला पुढे झाले. हात मात्र लावला नाही.

“मेस्त्रीला फोन कर,” ते म्हणाले. “सांग, उद्या नको येऊ.”

हे वाचून झालं की उठा. तुमच्या घरात कुणीतरी रोज एखादी गोष्ट उगाच करतं, असं तुम्हाला वाटत असेल. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा. आजच.