बंडप्पा गेला!

"अहो, तुम्ही बघाच! समू टीव्हीशिवाय नाही जेवली, तर नाव बदला माझं!"

प्रतीक्षानं ओढणी कमरेला करकचून बांधत असं जाहीर केलं, तेव्हा तिचा नवरा सुरज ताटावर बसून बातम्या बघत होता. "बदलू की," पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला. त्याच नजरेनं त्यानं भाकरी वरणाऐवजी पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि खाल्लीसुद्धा!

कळंबच्या त्या दोन खोल्यांत टीव्हीचं राज्य होतं. फोडणी जाहिरातीत बसायची, भांडणंही जाहिरातीतच उरकायची. सासूबाई, म्हणजे अयोध्याबाई, मालिकेतल्या सुनेला असं काही झोडायच्या की प्रतीक्षाच्या वाटणीचे टोमणेच उरायचे नाहीत. तेवढा एक फायदा!

पण अडीच वर्षांची समृद्धी? कार्टून लागलं की समू पाखराच्या पिल्लासारखी चोच उघडायची. बंद केलं की ओठ असे मिटायचे, जसं आडतीवरचं शिवलेलं पोतं! प्रतीक्षा घास भरवायची आणि लेकीच्या डोळ्यांत स्वतःला शोधायची. तिथं निळ्या उजेडाचा इवलासा चौकोन असायचा, आई कुठंच नसायची. पोरीनं एकदा, एकदाच, आपल्या तोंडाकडं बघून घास घ्यावा, एवढंच तिला हवं होतं.

अडचण अशी की "टीव्ही" हा शब्द नुसता उच्चारला तरी समू टाहो फोडायची. म्हणून प्रतीक्षानं शक्कल लढवली. टीव्ही दिला होता सास्तूरच्या बंडप्पामामांनी. ते अयोध्याबाईंचे मानलेले भाऊ, समूच्या बारशाला खांद्यावर खोकं घेऊन आले होते. तेव्हा टीव्हीचं नाव ठेवलं बंडप्पा! "बंडप्पाचा आवाज कमी करा." "बंडप्पाला धूळ बसलीय, पुसा जरा." पोरीला काही कळत नाही म्हणून घरातले सगळे खूश; बाहेर कुणाला हे नाव ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर प्रतीक्षानं टीव्हीची वायर उपसली, ज्वारीच्या डब्यात तळाशी पुरली आणि टीव्हीवर पांढरी चादर टाकली. सासूबाई उठल्या तेव्हा समू तिच्या कडेवर होती.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "बंडप्पा गेला."

"अगं माझ्या बाई!" अयोध्याबाई मटकन खाली बसल्या. सांजच्याला मालिकेतलं लग्न लागायचं होतं!

संध्याकाळी शेजारच्या गुलबानोभाभी रोजच्यासारख्या मालिका बघायला आल्या. अयोध्याबाईंनी त्यांना दारातच अडवलं. कडेवर नात, म्हणून बोलणं जपून.

"आज येऊ नगा भाभी. आमचा बंडप्पा गेला."

"या अल्ला! कब?"

"दुपारी. इथंच, बसल्या जागी. म्या जरा पडले व्हते. उठून बघते तर समदं थंड!"

"पहिलं काय दुखत-खुपत व्हतं का?"

"परवा आवाज बसला व्हता. म्या दोन चापट्या हाणल्या, तसा बोलाय लागला बघा."

गुलबानोभाभींचे डोळे विस्फारले. भावाला? चापट्या? पण दुःखात माणूस काहीबाही बोलतं, असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या पळत घरी गेल्या.

सकाळी सुरज दुधाला निघाला, तर फाटकाशी गुलबानोभाभींचे मालक मकबूलचाचा उभे. त्यांनी सुरजच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, लई वाईट झालं. कधी नेणार?"

टीव्हीसाठी एवढा कळवळा! सुरजला भरून आलं. "रविवारी नेऊ चाचा. आधी सवड कुठंय?"

"रविवार! तवर घरातच ठिवणार?"

"असू द्या की कोपऱ्यात. चादर टाकलीय वर."

चाचांच्या हातातली तसबीहची जपमाळ थांबली. एवढे शिकलेले लोक, आणि मयत कोपऱ्यात! हे आपणच निस्तरायला हवं, असं ठरवून त्यांनी थेट सास्तूरला फोन लावला. नंबर बंडप्पांचाच होता, पण मेलेला माणूस फोन उचलत नाही. तेव्हा उचलणारा मुलगाच असणार! आणि वाईट बातमी फोनवर उघडी करायची नसते, ही आपल्याकडची रीत. चाचा एवढंच म्हणाले, "अयोध्याताईच्या घरी मयत झालंय. हाय तसं निघा." आणि फोन ठेवला.

ऊन चढेपर्यंत गल्ली लोटली. बाया आत, गडी ओसरीवर. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी कडू घास आणतात. इथंही भाकऱ्यांची चवड, पिठल्याची पातेली, गुलबानोभाभींची खिचडी आणि चिंचेचा खट्टा, सगळं येऊन पडलं. अयोध्याबाई थक्क! एका टीव्हीपायी माणसं कामधंदा सोडून येतात? डोळ्यांना पाणी लावतात? घरी येतात ती रोज मालिका बघायला, असंच त्यांना आजवर वाटत होतं. यांचा जीव आपल्यात एवढा गुंतलाय?

"लई गुणाचा व्हता," एक म्हातारी हुंदका देत म्हणाली.

"व्हय ना," अयोध्याबाईंनी डोळे टिपले. "कव्हा उलटून बोलला न्हाय. बटन दाबलं की गप!"

म्हातारीनं हुंदका अर्ध्यातच गिळला.

प्रतीक्षा आतून चहा घेऊन आली. ती भाकऱ्यांची चवड बघून चरकली. पिठलं, खिचडी... हा तर कडू घास! तेवढ्यात कानावर कुजबूज आली, "सूनसुद्धा 'बंडप्पा गेला' म्हनली म्हनं. मामासासऱ्याला आरं-तुरं! दुखात भान ऱ्हात न्हाय बघा." तिनं कपबश्या तिथंच खाली ठेवल्या. आता सांगावंच, म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि...

"अक्का! अक्का गं! कोण गेलं?"

दारात धोतर सावरत, हातात पिठलं-भाकरीचं फडकं घेऊन, घामाघूम बंडप्पा उभे!

बायांनी अशी किंकाळी फोडली की ओसरीवरचे गडी उठून रस्त्यावर गेले. मकबूलचाचांना कसली दुवा म्हणावी तेच सुचेना.

"कोण गेलं, सांगा की!" बंडप्पा रडकुंडीला आले.

"तुमीच!" म्हातारी चाचरत म्हणाली.

बंडप्पांनी आधी पोट चाचपलं, मग मिशी.

तेवढ्यात समू पुढं झाली. तिच्या हातात रिमोट. "समू, ह्यो बंडप्पा हाय, आज्जीचा भाऊ," अयोध्याबाई म्हणाल्या. समूनं रिमोट बंडप्पांच्या पोटावर रोखला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग तिनं, अडाण्याला समजावतात तशी, मान हलवली. "ह्यो न्हाय बंडप्पा. त्यो बंडप्पा!" आणि दुडुदुडु जाऊन तिनं कोपऱ्यातली चादर ओढली.

अख्ख्या गल्लीनं मयताचं दर्शन घेतलं. बत्तीस इंची!

हसण्याचा असा लोंढा आला की पिठल्याचं पातेलं कलंडलं. हसता हसता रडणं म्हणजे काय, ते प्रतीक्षाला त्या दिवशी कळलं. पोरीला सगळं ठाऊक होतं तर! घरातली मोठी माणसंच आपली खुळी होती.

"बंडप्पामामा, तेवढा टीव्ही बघता का, काय बिघडलाय?" सुरज म्हणाला. प्रतीक्षाच्या काळजात ज्वारीचा डबा खडखडला.

पण अयोध्याबाईंनीच हात आडवा केला. "ऱ्हाऊ दे. एवढी माणसं बसल्यावर तो कशाला लावायचा?"

मग सतरंज्या पडल्या. बंडप्पा स्वतःच्या मरणाची भाकरी मोडत, सास्तूरपासून कळंबपर्यंत एसटीत आपण कुणाकुणाला मारून बघितलं ते सांगू लागले. "तुळजापूर आलं तवा अक्का गेली आसंल म्हनून रडलो. पुढं वाटलं, दाजींचं तर वर्षश्राद्धबी झालंय, मंग सुरज का काय!" माणसं लोळत होती. समू मधोमध बसून आ वासून एकेकाकडं बघत होती: हलणाऱ्या मिश्या, बोळकी तोंडं, टाळ्या. गुलबानोभाभींनी त्या उघड्या तोंडात खिचडी सारली. गेली! म्हातारीनं पिठलं सारलं. तेही गेलं!

प्रतीक्षानं भाकरीचा घास पुढं केला. समूनं वळून आईकडं पाहिलं. सरळ, तोंडाकडं. त्या काळ्याभोर डोळ्यांत प्रतीक्षा होती. विस्कटलेल्या केसांची, घामेजलेली, पण पुरती मावलेली! पोरीनं घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "आनखी."

काळीज एवढं मोठं होतं, हे प्रतीक्षाला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जग जिंकल्यासारखी ताट घेऊन बसली. टीव्ही बंद. वायर ज्वारीत. सुरज कामावर, सासूबाई मंदिरात. घर शांत.

"आ कर, माझी बाय."

ओठ मिटलेले. शिवलेलं पोतं!

समूनं रिकामी खोली डोळे फिरवून बघितली, दाराकडं बघितलं, मग कोपऱ्यातला रिमोट उचलून आईच्या हातात ठेवला आणि फर्मावलं,

"मम्मी, लोक लाव!"