गुणवंतभाऊंचं सागवान

आमच्या शेजारचे गुणवंतभाऊ खिशात सागवानाचा ठोकळा घेऊन फिरतात. सेमाडोहच्या जंगलातून आणलेला, साबणाच्या वडीएवढा. त्याच्या वजनानं शर्टाचा खिसा कायम लोंबलेला.

याला जबाबदार मी. अमरावतीत मी इंग्रजीचे क्लास घेतो. गेल्या वर्षी माझ्या तोंडून 'टच वुड' ऐकलं आणि त्यांनी अर्थ विचारला. चांगलं काही बोललं की दृष्ट लागू नये म्हणून इंग्रज लाकडाला हात लावतात, इतकंच मी सांगितलं. तेव्हापासून माझीच परीक्षा चालू आहे.

"सर, प्लायवूड चालते काय? अन् मधात सनमायका आली तं?"

"आधी बोलाचं का आधी हात लावाचा?"

मला काय ठाऊक! मी मार्कांपुरता अर्थ शिकवतो. एकदा हो म्हणालो, एकदा नाही. दोन्ही उत्तरं त्यांनी लक्षात ठेवून मलाच ऐकवली.

त्यांच्या शेंदूरजनाघाटच्या साळ्यानं फोनवर 'औंदा संत्रा झकास' म्हटलं, तर यांनी त्याला तसंच बोलता बोलता झाडाला हात लावायला पिटाळलं. मग आमच्याकडे हजर. "सर, जित्तं झाड चालते काय?" माझं डोकं पार चक्रावलं.

परवा अकोल्याहून बायकोचा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं. गेटपाशी उभा राहून मी भावाला फोनवर ओरडूनच सांगत होतो. तोच गुणवंतभाऊ अनवाणी धावत आले आणि ठोकळा माझ्या हातात कोंबला.

"बापा, आधी हात लावा!"

मी वैतागलो. "भाऊ, अहो, ती नुसती बोलायची पद्धत आहे! त्यानं काही होत नसतं."

ते गेट धरून उभे राहिले.

"तुमच्या वैनीचा रिपोर्ट बी चांगलाच आलता, सर. मी आंगनात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून साऱ्या मोहल्ल्याले सांगून राहिलो होतो. तवा मले हे कोनी सांगतलंच नोतं."

वहिनी त्याच महिन्यात गेल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. हातातला ठोकळा मी घट्ट धरून ठेवला.

"सर," ते हळूच म्हणाले, "उशिरा हात लावला तं चालत नसन ना?"

"चालते, भाऊ." पहिल्यांदाच मी न अडखळता उत्तर दिलं. ठोकळा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि वर माझा हात तसाच राहू दिला.