चौऱ्याहत्तरची रिकामी ओळ

वाघमारे सरांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही, पण डेव्हिस कपचा सव्वाशे वर्षांचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. देशादेशांच्या संघांची अशी काही टेनिस स्पर्धा असते, हे लातुरात आमच्या गल्लीला कळलं ते केवळ त्यांच्या छळामुळे. आम्ही दोघं रेणापूरकडच्या एकाच गावचे, जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेतून निवृत्त झालेले आणि आता समोरासमोर राहणारे. त्यामुळे छळाचा मोठा वाटा माझ्याकडे.

जुन्या पद्धतीत या कपाच्या एका लढतीत पाच सामने असत. त्यावरून सरांनी जगण्याचा नियमच काढलाय, "दोन गेले, तीन बाकी हायत." नळाला दोनदा पाणी आलं नाही तरी हेच. माझा मुलगा नीटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटला, घरात कुणी जेवेना, तर हे दारात हजर. "ऑस्ट्रेलिया दोन-शून्यनं मागं होती, पाटील. अमेरिकेत जाऊन कप आणला. जेवा गुपचूप." आम्ही जेवलो.

वहिनी सांगतात, "मला बघायला आले तवा पयला प्रश्न, एकोणीसशे साली पयला कप कोण जिंकला? म्या म्हणलं, मला काय ठाव. तर म्हणले, पसंत हाय, शिकवायला वाव हाय."

शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक असतो, तसा विजेत्या देशांचा काळा फलक सरांच्या ओसरीत आहे. साल, देश, शेरा. महायुद्धाच्या वर्षांपुढे शेरा, 'लढाईमुळे सुट्टी'. दरवर्षी सर स्वतः ब्रशने नवं नाव लिहितात. फक्त १९७४ पुढे काहीच नव्हतं. हजेरीपटात काना चुकला तरी रात्रभर तळमळणारा हा माणूस, म्हटलं, विसरला असेल.

गेल्या महिन्यात सर आणि वहिनी लेकीकडे नांदेडला गेले. किल्ली माझ्याकडेच होती. मी मोबाइलवर शोधलं, पेंटर बोलावला आणि त्या ओळीत लिहवून घेतलं, 'दक्षिण आफ्रिका'. स्वतःवर फार खूश होतो.

सर परतले आणि खांद्यावरची पिशवी न उतरवता फलकासमोर उभे राहिले.

"कुणी लिवलं?"

"मी. तुमच्याकडून राहून गेलं होतं."

"ऱ्हायलं न्हवतं. ठिवलं होतं."

मग पायरीवर बसले. "त्या साली आपण फायनलला गेलतो. समोर हे. त्यांच्याकडं काळ्या माणसाला येगळं ठिवायचे, म्हणून आपण खेळलोच न्हाई. कप सोडून दिला. मी बारा वर्षांचा असंल. गुर्जींनी पेपर वाचून दाखवला. तवा गावच्या कबड्डीत मला घेत न्हवते, अंगाला अंग लागतंय म्हणून. मी कडंला बसून बघायचो. टेनिस काय अस्तंय, ते बी ठाव न्हवतं. पण वाटलं, कुणीतरी न बघितलेल्या माणसांनी माझ्यासाठी कप सोडला."

त्या कबड्डी संघाचा कप्तान माझा थोरला भाऊ होता आणि आतल्या सात जणांत मी होतो. सरांना हे पक्कं माहीत होतं. तीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, पण त्यांनी ते कधी काढलं नाही. मला फार लाज वाटली.

सर आत जाऊन टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन आले. मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि पुसायला लागलो.

"हळू, पाटील," सर मागून म्हणाले. "साल तेवढं ऱ्हाऊ द्या."