सरकारी चुकीचा बाजारभाव

रामहरींना दातांची कवळी बसवायची होती. सोलापुरात राहून कडक भाकरी आमटीत बुडवून खायची म्हणजे जगण्याची शोभाच. अशात किराणा दुकानातून सुट्ट्या पैशांत त्यांच्या हाती पाच रुपयांचं एक नाणं आलं. त्यावरचा छाप एका कडेला सरकला होता आणि उरलेलं नाणं कोरं होतं. ते खिशात घालून रामहरी सात रस्ता चौकातल्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे, नंदीशकडे गेले.

नंदीशने भिंग लावलं. "आजोबा, चिंच लावून घासलं न्हाय न्हवं? घासलं की किंमत गेली."

"न्हाय बा. मिळालं तसं आणलंय. कवळीपुरतं पैसं आलं म्हंजे झालं."

"मग लई झ्याक. जेवढी मोठी चूक, तेवढा भाव. फकस्त ती टांकसाळीतच झालेली पायजे. घरी ठोकून बिघडवलं तर पाचाचे पाचच."

म्हणजे करणारा चुकला, तपासणाऱ्याने डोळे मिटले आणि पाठवणाऱ्याने पाठवून दिलं, की माल अव्वल! कारखान्यात चादरीचा एक धागा चुकला तरी तीस वर्षं पगार कापून घेतलेल्या रामहरींना गहिवरून आलं.

"कवळीचं काम हुतंय बगा," नंदीश म्हणाला. "चूक सरकारी हाय, एवढा कागद आणा. गिऱ्हाईक मागतंय."

रामहरींनी अर्जाला नाणं जोडून सरकारी कचेरीत दिलं. तिथल्या रेश्माबाईंनी अर्ज वाचला. "आजोबा, 'चूक कोणाची' या रकान्यात एकच पर्याय आहे. अर्जदार."

"आन् सरकार?"

"त्याची आजवर गरज पडली नाही की."

पंधरा दिवसांत शिक्क्यासह उत्तर आलं : सदर नाणे अर्जदाराने बिघडवल्याचे निदर्शनास आल्याने ते जमा करून घेण्यात आले आहे. बदली नाणे देय नाही.

रामहरी हिरमुसले, पण हरले नाहीत. पत्र घेऊन ते तडक नंदीशकडे पोचले. "नाणं गेलं तर जाऊ दे. ही बग अस्सल सरकारी चूक, सहीशिक्क्याची. हिचं काय देतोस?"

नंदीशने भिंगाला हातही लावला नाही. "आजोबा, क्वचित घडती त्या चुकीला भाव. असले कागद घरोघरी गठ्ठ्यानं पडल्यात. नाव, वय, पत्ता, समदं बरोबर असलेला एक सरकारी कागद आणा. मागाल तेवढं देतो."

रामहरी तेव्हापासून घरातल्या पेट्या उपसताहेत. तुमच्याकडे असा कागद असेल तर त्यांना जरूर कळवा. पत्ता मात्र तोंडीच सांगा. तुमच्या आधार कार्डावरच्या पत्त्यावर आले, तर त्यांना तुम्ही सापडायचे नाहीत.