सिसिलीला दोन जागा

पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा विठोजीराव रॉकेलच्या रांगेत उभे होते आणि अप्पासाहेब त्यांच्या घरी कॉफी पीत बसले होते. नेमकं उलट असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण विठोजीरावांचं नशीबच तसं. रिटायर झाल्यापासून ते चोवीस तास घरात असत, आणि घरी असायला हवं होतं त्या अर्ध्या तासात मात्र नव्हते.

पत्रावर परदेशी तिकीट होतं. अप्पासाहेब म्हणजे राजाजीनगरातल्या मराठी समाजाचे अध्यक्ष. शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळूरात राहिलेल्या या घरांत कुणाकडंही परदेशी पत्र आलं की ते अध्यक्षांनी मोठ्यानं वाचायचं, अशी जुनी पद्धत होती. पूर्वी इंग्रजी फक्त अध्यक्षांनाच येई, म्हणून ती पडली. आता पोरासोरांनाही इंग्रजी येत होतं, पण पद्धत ती पद्धत. अप्पासाहेबांनी चष्मा पुसला, पाकीट फाडलं आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली.

इटलीतल्या सिसिली बेटावर सायकलची सहल. आठ दिवस. श्री. व सौ. विठोजीराव यांच्यासाठी नोव्हेंबरच्या तुकडीत दोन जागा राखून ठेवल्या आहेत. तुमच्या स्वागताला आम्ही उत्सुक आहोत.

"अय्यो!" विठोजीरावांच्या पत्नी गोजराबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

"वहिनी, अभिनंदन!" अप्पासाहेब म्हणाले. "दुबईला गेलेत आपल्यातले, अमेरिकेला गेलेत. पण सायकलवरनं इटली? आख्ख्या समाजात कोण नाही!"

खरी हकीकत अशी होती. विठोजीराव एका मशीनच्या कारखान्यात फोरमन होते आणि तीस वर्षं सायकलनं कामावर गेले. शेवटच्या वर्षी मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर आपलं मासिक मागं विसरून गेला. त्यात एक कूपन होतं. नाव-पत्ता लिहून पाठवा, माहितीपत्रक फुकट. विठोजीरावांनी पाठवलं. चाळीस पानांचं रंगीत पुस्तकच आलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवे लागले की ते गोजराबाईंना त्यातलं एकेक पान मराठी करून सांगत.

"दिवस तिसरा. सकाळी ऑलिव्हच्या बागांतनं हळू चढ. वर गेल्यावर जुनं चर्च, तिथं पाणी पिणे. मग चार मैल नुसता उतार. पायडल मारायचं नाही. खाली समुद्र."

"आणि दुपारी?" लसूण सोलता सोलता गोजराबाई विचारत.

"दुपारी कोळ्यांचं गाव. जेवून झोपायचं. तिथं सगळा गाव झोपतोय म्हणे."

"शहाणी माणसं," गोजराबाई म्हणत.

असे ते दोघं चार महिन्यांत सिसिली तीनदा फिरून आले होते. पुस्तकाच्या शेवटी एक फॉर्म होता. तोही विठोजीरावांनी एके दिवशी भरला आणि पाठवून दिला. जायचं म्हणून नव्हे. कारखान्यात कोरा फॉर्म टेबलावर पडलेला त्यांना कधी सहन होत नसे, आणि सवय काही रिटायर होत नाही. 'किती व्यक्ती' या रकान्यात त्यांनी दोन लिहिलं.

रॉकेलचा डबा घेऊन ते घरी आले तेव्हा दारात चपलांचे सतरा जोड होते. आत पेढे वाटणं चालू होतं. कोणीतरी त्यांच्याही तोंडात पेढा कोंबला, आणि तो गिळेपर्यंत अप्पासाहेबांनी आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी समाजाच्या हॉलमध्ये जाहीर सत्काराची तारीख ठरवूनही टाकली. विठोजीराव खरं बोलायला तोंड उघडणारच होते. एवढ्यात त्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या गोजराबाई दिसल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात एवढा उजळलेला चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं आणि आणखी एक पेढा घेतला.

'उद्या सांगू,' असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गोजराबाई शिवाप्पाच्या दुकानातून लेडीज सायकल ढकलत घेऊन आल्या. शिवाप्पाचं सायकल दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं, आणि विठोजीराव त्याचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"हे काय?" विठोजीराव घाबरले.

"सायकल."

"ते दिसतंय की. पण कशाला?"

"मग सिसिलीला मी काय तुमच्या कॅरिअरवर बसून येऊ? शेजारची अंजली शिकवते म्हणालीय. आत्यांना विचारलं मी."

विठोजीरावांची आत्या, तानूबाई, वय एक्क्याऐंशी. त्यांच्या घरात बायकांनी सायकल चालवणं ही गोष्ट चर्चेलाही येत नसे. विठोजीरावांच्या बहिणीनं एकदा भावाच्या सायकलवर पाय टाकला होता, तेव्हा तानूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. त्या आता ओट्यावर काठी टेकून बसल्या होत्या.

"फॉरेनला लागतंय म्हणतात," तानूबाई नाराजीनं म्हणाल्या. "सरी, बरं. शिकू दे. पण पदर खोचून."

झालं. गल्लीला दुसरा उद्योग उरला नाही. रोज सकाळी अंजली मागून सीट धरून धावे, आणि बावन्न वर्षांच्या गोजराबाई 'सोडू नको गं, सोडू नको' असं ओरडत पुढं जात. दूधवाला थांबून बघे. शिवाप्पा दुकानातून सल्ले देई, "अक्का, खाली बघू नका! लांब बघा, लांब!" लांब बघण्याच्या नादात गोजराबाई तिसऱ्या दिवशी फुलवालीच्या टोपलीत गेल्या. दोन मोळ, म्हणजे दोन हात लांब, शेवंतीची माळ विकत घ्यावी लागली आणि तानूबाईंच्या देवांची त्या दिवशी फारच साग्रसंगीत पूजा झाली.

इकडं घरात सामान साठत होतं. समाजातल्या राजलक्ष्मीअक्कांचा भाचा जर्मनीत होता, त्याच्यासाठी चटणीपूड आली.

"इटलीच्या शेजारीच आहे जर्मनी. नकाशात बघितलं मी," अक्का म्हणाल्या. "सायकल आहेच तुमची. स्वल्प वळवली की झालं."

विठोजीरावांनी मग एक युक्ती काढली. चेहरा पाडून ते अप्पासाहेबांकडं गेले. "व्हिसाचं जमत नाहीसं दिसतंय," ते म्हणाले. "फार कडक झालेत म्हणे."

"एवढंच ना?" अप्पासाहेबांनी लगेच फोन ओढला. "माझ्या साडूचे व्याही मद्रासला आहेत. कुठल्याही कचेरीत जातात, कामं करून येतात. आज बोलतो."

"नको, नको! जमतंय वाटतं!" विठोजीराव म्हणाले आणि सुटले. परत येताना वाटेत त्यांना फेटेवाला भेटला. सत्कारासाठी डोक्याचं माप घ्यायला तो त्यांच्याच घरी निघाला होता.

दहाव्या दिवशी गोजराबाई एकट्या चालवू लागल्या. अंजलीनं सीट सोडली आणि त्या सरळ गेल्या, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, तिथं वळायचं होतं आणि वळल्या नाहीत. समोर वाळूचा ढीग होता. सायकल ढिगात रुतली आणि गोजराबाई ढिगापलीकडं गेल्या.

विठोजीराव अनवाणी धावले. गुडघा फुटला होता, कोपर सोललं होतं. घरी आणून त्यांनी जखम धुतली, हळद लावली. मग पट्टी बांधायला घेतली. आपल्या एका भेकडपणापायी हिचे हातपाय मोडायची वेळ आली, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"गोजरा," ते पट्टीकडं बघतच म्हणाले, "मी एक सांगतो. तुला वाटलं तर मला मार. आपण कुठं जात नाही. मी नुसता फॉर्म भरला होता. तसं पत्र ते सगळ्यांनाच पाठवतात."

गोजराबाईंनी कोपरावर फुंकर घातली. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अप्पासाहेबांनी वरचं वाचलं. खालचं मी त्याच दिवशी अंजलीकडनं वाचून घेतलं. आधी पैसे भरा, मग जागा पक्की, असं होतं. रक्कम पण ऐकली. तुमची सगळी पेन्शन दहा वर्षं न जेवता ठेवली तरी पुरत नाही."

विठोजीरावांच्या हातातली पट्टीची गुंडाळी घरंगळत कपाटाखाली गेली. "मग बोलली का नाहीस? आणि सायकल कशाला शिकतेस?"

"बोलले असते तर आत्यांनी दुसऱ्या दिवशी सायकल परत पाठवली असती." गोजराबाईंनी आवाज खाली आणला. "अहो, देवनहळ्ळीला आमच्या दादाला सातवी पास झाला म्हणून सायकल घेतली. पुसायला मी. इथं आले, तुमची सायकल होती. बत्तीस आयुधपूजा झाल्या, दरवर्षी मीच धुतली, कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सीटवर बसायचं कुणी मला म्हटलं नाही. फॉरेनचं नाव आलं आणि आत्या पहिल्यांदा हो म्हणाल्या. मी कशाला खरं बोलू?"

बत्तीस वर्षांत आपणही एकदा विचारलं नाही, हे विठोजीरावांना फार लागलं.

"आणि तुम्ही दोन कशाला लिहिलंत?" गोजराबाईंनी विचारलं. "नुसताच भरायचा होता तर एक लिहायचं होतं."

"एक लिहायला हात होईना," विठोजीराव म्हणाले. "तुझ्याशिवाय त्या उतारावरनं मी एकटा काय करू?"

गोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं कोपरही पुसलं. "सरी. मग आता कुणाला काही सांगू नका. मला अजून उजवीकडं वळता येत नाही. आयुधपूजेपर्यंत येईल."

आयुधपूजेला समाजाचा हॉल भरून गेला होता. बाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या सायकली आणि स्कूटर ओळीनं उभ्या होत्या. फेटेवाल्यानं माप नीट घेतलं नव्हतं. म्हैसूरचा जरीचा फेटा विठोजीरावांच्या डोळ्यांवर येत होता आणि तो दर दोन मिनिटांनी वर सारत ते व्यासपीठावर बसले होते. शेजारी गोजराबाई. पहिल्या रांगेत तानूबाई. अप्पासाहेबांनी अर्धा तास इटलीवर भाषण केलं आणि चंदनाचा हार उचलला.

हार गळ्यात पडणार, एवढ्यात विठोजीराव उभे राहिले. फेटा काढून त्यांनी हातात घेतला आणि माईकसमोर गेले. कालपर्यंत त्यांनी पुष्कळ वळणं घेतलेलं एक भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवलं नाही.

"आम्ही सिसिलीला जात नाही," ते म्हणाले. "मी नुसता फॉर्म भरला होता. खरं बोलायला धीर झाला नाही. माझी चूक आहे. चटणीपूड आणि बाकी सामान उद्या घरोघर आणून देतो."

हार हातात धरून अप्पासाहेब तसेच उभे होते.

"असं कसं?" ते शेवटी म्हणाले. "समाजाच्या वहीत लिहून झालंय, प्रवासानिमित्त सत्कार. खोडाखोड आजवर एक नाही त्या वहीत. विठोजीराव, सत्कार झाला म्हणजे तुम्हाला कुठंतरी जायलाच पाहिजे!"

"जातो की," गोजराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. मग उठल्या आणि माईक हातात घेतला. "दिवस पहिला, यलहंका. तळ्याकाठी इडली खाणे. दिवस दुसरा, देवनहळ्ळी. किल्ला बघणे, माझ्या दादाच्या द्राक्षाच्या मळ्यात मुक्काम. दुपारी जेवून झोपणे. दिवस तिसरा, नंदीचा डोंगर. चढावर सायकल हातात धरून चालणे, येताना पायडल न मारणे. दोघं जातोय. दोन सायकलींवर." एवढं बोलून त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. "आत्या हो म्हणाल्या तर."

सगळा हॉल तानूबाईंकडं वळला. फॉरेन गेलं होतं, आणि फॉरेनबरोबर परवानगीही गेली होती. तानूबाई काठी टेकून सावकाश उठल्या. विठोजीरावांनी फेटा छातीशी घट्ट धरला. दोन दिवस अन्न न घेणारी बाई आता एक्क्याऐंशी वर्षांची होती.

"म्हणजे गोजराला पहिल्यापासून ठाऊक होतं?" तानूबाईंनी विचारलं.

"होय आत्या. सायकल शिवाप्पाची आहे. तुम्ही म्हणाल तर आजच परत देते."

"परत?" तानूबाई कडाडल्या. "वीस दिवस मी ओट्यावर उन्हात कशाला बसले? हिला धड वळता कधी येतंय, हे बघत बसले होते मी! मल्लेश्वरला देवळात जाऊन मला चार वर्षं झाली. रिक्षावाले येत नाहीत, हा विठोजी नेत नाही." त्यांनी काठी अंजलीच्या हातात दिली आणि दाराकडं निघाल्या. "नंदी-बिंदी नंतर जा. गोजरा, चल, कॅरिअरवर उशी बांध."