बॉनेटवरचा पुरावा

ते अंडं पुसायचं नाही असं बाळासो चौगुल्यांनी ठरवलं, तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि अंडं अजून ओलं होतं. मगभर पाणी आणि एखादा जुना बनियन, एवढ्यात प्रकरण मिटलं असतं.

पण बाळासो पडले विचारी. (विचारी माणसाला साधी गोष्ट साधेपणानं करता येत नाही, हा त्या बिचाऱ्याचा भोग असतो.) पाटबंधारे खात्यात कारकुनी आणि सुट्टीच्या दिवशी शाळाशाळांतून 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर व्याख्यान. एकट्या शाहूवाडी तालुक्यात एकेचाळीस शाळा झाल्या होत्या. रविवारी दारात गडद लाल रंगाची नवी गाडी आली, तेव्हा त्यांनी तिला लिंबू-मिरचीसुद्धा बांधू दिली नव्हती. आणि मंगळवारी सकाळी बॉनेटच्या मधोमध फुटकं अंडं. टरफलावर काजळाचे ठिपके. म्हणजे सरळसरळ उतारा.

गाडी घेतली होती आईसाठी, बनाबाईंसाठी. त्यांचे थोरले भाऊ गुंडूमामा आजऱ्याला अंथरुणाला खिळलेले, नजर पार गेलेली. "बने, एकदा येऊन जा, पुढचं काय सांगावं," असा त्यांचा फोन आला होता. आईला एसटी सोसत नव्हती. येत्या रविवारी आईला आपल्या गाडीतून, आपण स्वतः चालवत, आजऱ्याला न्यायचं, एवढी एकच गोष्ट बाळासोंनी मनात धरली होती.

त्यांची बायको संयोगिता बादली घेऊन आली.

"थांब! हात लावू नकोस. पुरावा हाय त्यो."

"कशाचा पुरावा?"

"अंधश्रद्धेचा. कुणी केलंय ते हुडकून काढणार मी. तवर हलवायचं न्हाय."

"अहो, वाळलं की निघायचं न्हाय ते. घरात भांडी कोण घासतंय? मला म्हाईत हाय."

बनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या लगबगीनं आत गेल्या.

खरं सांगायचं तर बाळासो त्या अंड्याला भ्यायले होते. 'पुरावा' हा शब्द त्यांना मागाहून सुचला.

संशय गेला तो शेजारच्या आकारामवर. त्यानं गाडीचा पेढा खाल्ला नव्हता. (त्याला साखरेचा आजार आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.) बुधवारी तो आपणहून ओलं फडकं घेऊन आला.

"बाळासो, द्या पुसून. रंग खातंय अंडं."

"तुमाला का एवढी घाई झालीया?" बाळासोंनी डोळे बारीक करून विचारलं.

आकाराम फडकं पिळून घरी गेला. तेव्हापासून त्यानं बोलणं टाकलं.

एप्रिलच्या उन्हात गुरुवारपर्यंत अंडं वाळून कडक झालं. शुक्रवारी बाळासोंना परवाचा रविवार आठवला. आता साफ करणं भाग होतं, पण उताऱ्याला हात लावायचा कसा? त्यांनी जळमटं काढायच्या लांब काठीला तारेची घासणी बांधली आणि चार हात लांब उभं राहून तासभर बॉनेट घासलं. अंडं निघालं. त्याच्याबरोबर भाकरीएवढा रंगही निघाला.

शनिवारी गाडी उद्यमनगरात आरिफच्या गॅरेजला गेली. बनाबाई हट्टानं बरोबर आल्या. आरिफनं त्या जागेवरून बोट फिरवलं आणि आजाऱ्याजवळ बसल्यासारखा तो गाडीपुढं बसला.

"साहेब, अंडं वाळताना आवळतंय, वरचा थर ओढून घेतंय, ते कबूल. ओलं असताना कोमट पाण्यानं भिजवलं असतंसा तर काय झालं नसतं. पर हे अंड्याचं काम न्हाय. हे कुणी केलं?"

बाळासोंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज घासून रंगाखालचा प्रायमर देतो," आरिफ म्हणाला. "रंग सोमवारी. गाडी मंगळवारी घेऊन जावा."

"मंगळवारी?" बनाबाई तिथल्याच एका जुन्या टायरवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "दादा वाट बघत आसंल रं. अंडं माझ्या हातनं पडलं, बाळू. दृष्ट उतरून चौकात टाकाय जाणार हुतो."

बाळासोंची एकेचाळीस शाळांतली व्याख्यानं एकदम घशाशी आली.

"आई! मग चार दिवस गप का बसलीस?"

"तू पुरावा म्हणालास. पोलीस आणतोस का काय म्हणून भ्यालो की."

"अगं, पर आपल्या गाडीला दृष्ट लावणार कोण?"

"गाडीची कुठं काढली? गाडीपुढं हुबं ऱ्हाऊन माझी मीच काढली. सोमवारी तू मला रंकाळा तळ्यावर फिरवून आणलंस न्हवं, जीव मुठीत धरून बसलो हुतो, तवाच ठरवलं. रविवारी तुझ्या शेजारी बसून पार आजऱ्याला जायचं हुतं."

आरिफ घाईघाईनं प्रायमरचा डबा शोधायला आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड अगदी गंभीर होतं.

"मावशी, प्रायमरवर नेली तरी गाडी पळती. दिसाय वाईट दिसंल, एवढंच."

"दादाला कुठं दिसतंय बाबा?" बनाबाई डोळे पुसून आरिफकडं वळल्या. "तुझी उद्या सुट्टी हाय न्हवं? तुला चालवाय येती न्हवं?"

बाळासोंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आईचा चेहरा पाहून त्यांनी किल्ली आरिफच्या हातात दिली.

रविवारी आजऱ्यात गुंडूमामांना त्यांच्या मुलांनी उचलून गाडीपाशी आणलं. त्यांनी बहिणीचं तोंड चाचपलं, मग दारावरून, बॉनेटवरून हात फिरवला. गावातून एक फेरी मारायची त्यांची इच्छा होती. त्यांना पुढं बसवलं, मागं बनाबाई आणि बाळासो. गाडी अलगद निघाली. मामांनी शेजारच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळू, हात ग्वाड हाय रं तुझा. एक धक्का लागला न्हाय. बनीचं नशीब."

आरिफनं आरशातून मागं पाहिलं. बनाबाईंनी मान हलवली आणि बाळासोंचा हात घट्ट धरला. भावाच्या मनातला भाचा त्यांना मोडायचा नव्हता. बाळासोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि मागं तुझ्याजवळ कोण गं?"

"आरिफ. गॅरेजवाला हाय. सोबतीला आलाय."

"बरं झालं आणलंस," मामा म्हणाले. "बॉनेट ह्येनंच घासलंय व्हय? हात खरबडला माझा. ह्या गाढवाला परत गाडीला हात लावू देऊ नका."

"व्हय पावणं," बाळासो मागून म्हणाले, "चुकलं माझं."