जिवलग मित्राचं नाव

शंतनूचा पासवर्ड फोडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! असं शंतनू स्वतःच म्हणायचा, कारण त्याच्याविषयी दुसरं कोणी काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. देवरुखहून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. गिरगावातल्या एका वाडीत, मामाच्या रिकाम्या खोलीत तो एकटा राहायचा, सायबर सिक्युरिटीच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि कानातले हेडफोन फक्त आंघोळीपुरते काढायचा.

त्या शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजच्या पोर्टलवर प्रोजेक्ट चढवायचा होता. विषय, ‘अभेद्य पासवर्ड’! नाही चढवला तर वर्ष फुकट. पण गडी निवांत होता. आदल्याच दिवशी त्याने नवाकोरा पासवर्ड ठेवला होता. सव्वीस अक्षरांचा, कुठेही न लिहिलेला. चार वाजता त्याने तो टाइप केला.

चुकला. पुन्हा केला. पुन्हा चुकला!

पहिली नऊ अक्षरं चोख आठवत होती. उरलेली सतरा कुठे परागंदा झाली होती, देव जाणे. ओटीपी मागवला, तर तो देवरुखच्या जुन्या नंबरावर गेला आणि तो नंबर बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटी पोर्टलला दया आली. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर द्या, संधी पाच, नंतर खातं उद्यापर्यंत बंद!

प्रश्न होता, ‘तुमच्या जिवलग मित्राचं नाव काय?’

हे उत्तर त्याने पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात भरलं होतं. काय भरलं होतं, ते काही केल्या आठवेना. सर वर्गात कानीकपाळी ओरडायचे, “सुरक्षा प्रश्नाचं उत्तर कधीही खरं द्यायचं नाही! खरं उत्तर कोणीही शोधून काढतं!” पण ते पुढे, दुसऱ्या वर्षी.

त्याने वर्गात शेजारी बसणाऱ्या राजसचं नाव टाकलं. राजसने त्याला एकदा चार्जर दिला होता. चूक! “मेलो!” शंतनू ओरडला.

चाळीत दारं उघडीच असतात. शेजारच्या मीनाक्षीकाकू पोळीभाजीचा डबा घेऊन आत आल्या, मागोमाग समोरच्या खोलीतले धोंडूमामा, आणि खाली कॅरम खेळणारा जगदीश तर स्ट्रायकर हातात घेऊनच आला.

“शाळेतला कोणी असेल रे,” काकू म्हणाल्या.

“उन्मेष!” शंतनूने टाकलं. चूक.

“माझं टाक,” जगदीश म्हणाला. “गणपतीत तुझ्या हातात ताशा कोणी दिला? सोच जरा!”

चूक! “क्या यार,” म्हणत जगदीश तडक खाली निघून गेला.

“आता माझा नाव घाल!” धोंडूमामांचा आवाज चढला. “दोन वर्षां तुझी पार्सलां मी घेतंय!”

त्यांचं मन मोडवेना. चूक! मामा खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघू लागले.

एकच संधी उरली. पाचाला दहा कमी. कुठल्याशा खोलीत कुकरची शिट्टी झाली आणि शंतनूला वाडीतली ती पहिली संध्याकाळ आठवली. आजूबाजूला ताटं वाढली जात होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि तो मांडीवर लॅपटॉप घेऊन फॉर्म भरत होता. उत्तर आठवलं.

“जरा बाहेर थांबता का?”

“का रे? आम्ही काय चोर?” काकू म्हणाल्या.

वेळ नव्हता. त्याने एका बोटाने इंग्रजी अक्षरं दाबायला घेतली. धोंडूमामा चष्मा सावरत वाचू लागले, “के, ओ, एन, आय... कोनी! एन, ए, एच, आय... नाही! कोनी नाही?”

एंटर. पोर्टल उघडलं!

“पारशी दिसता!” मामांनी मांडीवर थाप मारली. “आमच्या गोदीत होमी होतो, सोली होतो, तसो हो कोनी! आडनाव नाही! वा रे झिला, दोन वर्षां आमका पत्तो नाय!”

प्रोजेक्ट चढत होता. शंतनूला मान वर करवेना. शरमेने त्याचे कान तापले होते आणि मामांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. काकू डबा टेबलावर ठेवत म्हणाल्या, “रविवारी घेऊन ये तुझ्या कोनीला. वालाचं बिरडं करते.”

दोन दिवस वाडीभर कोनीची चौकशी! कोनी कुठे राहतो? कोनीला तिखट चालतं का? शंतनू “हो हो” म्हणत सटकत होता. इतके प्रश्न त्याला दोन वर्षांत कोणी विचारले नव्हते. आणि आता विचारत होते ते कोनीबद्दल!

रविवारी बारा वाजता तो काकूंच्या दारात एकटाच उभा राहिला. आत दोन पानं वाढलेली होती.

“कोनी नाही आला?” काकूंनी विचारलं.

“काकू,” तो म्हणाला, “कोणी नाहीये.”

“मला वाचता येतं रे,” काकू म्हणाल्या. “बस. दुसरं पान माझंच आहे.”

त्या रात्री शंतनूने पोर्टलवरचं उत्तर बदललं. काय ठेवलं ते सांगत नाही. पण सरांचा नियम त्याने पुन्हा मोडला, आणि स्पेलिंगमध्ये डबल ई आहे की आय, हे काकूंना शेजारी जाऊन विचारून आला.